स्टँडवरचा नंबर आणि उतारूचा हक्क

(देऊळघाट, जि. बुलढाणा येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी केलेले भाषण. वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेला मजकूर.)



आजच्या बैठकीपुढे निवेदनाचा जो मसुदा आहे तो मी काल रात्री दोनदा वाचला. जिल्हाधिकारी आणि उपप्रादेशिक परिवहन अधिकारी यांना तो आपण सादर करणार आहोत. त्यातील पाच मागण्यांपैकी चारांना माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. विम्याच्या हप्त्याचा बोजा, रस्त्यावर होणारी अडवणूक, कर्जवसुलीला येणाऱ्या माणसांचा उपद्रव, स्टँडवर सावली आणि पिण्याचे पाणी, या साऱ्या मागण्या न्याय्य आहेत आणि त्यांखाली माझी सही आपण आताच घ्यावी. पहिल्या मागणीखाली मात्र मला सही करता येणार नाही. या स्टँडवरून येथे नंबर असलेल्या गाड्यांनीच उतारू घ्यावेत, बाहेरच्या गाडीला येथे उभे राहू देऊ नये आणि यापुढे नव्या गाडीला नंबर देऊ नये, असे ती मागणी म्हणते.

मसुदा करणाऱ्यांपैकी दोघे माझे विद्यार्थी आहेत. पदवी घेऊन नोकरी मिळाली नाही म्हणून त्यांनी कर्ज काढून काळी-पिवळी घेतली. मागणी-पुरवठ्याचे आलेख मी त्यांना वर्गात शिकवले. गाडीच्या हप्त्याचे गणित पुढे त्यांनी मला शिकवले. तेव्हा मी त्यांच्या विरोधात उभा आहे असा समज कृपा करून कोणी करून घेऊ नये. त्यांच्या पोटासाठी जी मागणी लिहिली गेली आहे ती त्यांच्याच पोटावर येणार आहे, एवढे मला दाखवावयाचे आहे. आणि त्यासोबत, स्टँडवर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या ज्या माणसाचे नाव मसुद्यात कोठेच नाही, त्याच्याविषयीही बोलावयाचे आहे.

आपला जिल्हा रस्त्याच्या भरवशावर जगतो. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे, पण तेथे रेल्वे नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जिल्ह्याच्या उत्तरेकडून निघून जातो. जलंबहून खामगावला फाटा आला तो १८७० मध्ये, आणि तोही कापसाच्या गाठींसाठी. माणसांची सोय हा त्यातील ओघाने आलेला भाग. खामगाव-जालना मार्गाची मागणी करण्यात आपल्या आजोबांची पिढी गेली. देऊळघाटच्या माणसाला जिल्हा रुग्णालय, कोर्ट, कचेरी यांसाठी दहा-बारा किलोमीटरवर बुलढाण्याला जावे लागते, रेल्वेसाठी त्यापुढे राजूर घाट उतरून मलकापूरला, आणि विमानासाठी धाडच्या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला.

विमानाचा उल्लेख ऐकून मागे कोणाला तरी हसू आले. मीही काही वर्षांपूर्वी हसलो असतो. परंतु आज गावातून विमानाला निघालेला माणूस श्रीमंतच असतो असे राहिलेले नाही. बाहेरदेशी मजुरीला गेलेला मुलगा सुटीवर येतो, आयुष्यभराची पुंजी साठवून म्हातारे आईबाप उमऱ्याला निघतात, एखाद्याला मुंबईच्या रुग्णालयात तातडीने पोहोचावयाचे असते. अशाच एका जोडप्याची हकीकत सांगतो. गाव कोणते ते सांगत नाही, कारण ते कोणतेही असू शकेल.

दोघेही सत्तरीच्या पुढचे. सकाळच्या विमानासाठी मध्यरात्री निघावयाचे होते. स्टँडवरच्या गाडीने जे भाडे सांगितले त्यापेक्षा बरेच कमी भाडे शेजारच्या गावातील एका नातेवाइकाच्या ओळखीच्या जीपवाल्याने सांगितले. गाडी चांगली, परवाना ठीक, विमा ठीक. मात्र त्या गाडीने गावात येऊन सवारी उचलली तर काच शाबूत राहणार नाही, असा निरोप तिच्या चालकाला पोहोचला. परिणामी ती गाडी गावाबाहेर अंधारात उभी राहिली, आणि ती दोन म्हातारी माणसे डोक्यावर बोचकी घेऊन रात्री एक वाजता तिच्यापर्यंत चालत गेली. मी तेव्हा योगायोगाने त्या गावात मुक्कामाला होतो. एक बोचके माझ्याकडे होते. ज्यांच्यामुळे आम्ही चालत होतो ती माणसेही गरीबच होती, सकाळी भेटली असती तर नमस्कार करून बोलणारी. म्हणूनच हा प्रसंग मला सोडत नाही.

आता आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न येईल की, हा समाजवादी प्राध्यापक स्पर्धेची तरफदारी केव्हापासून करू लागला? त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मोटार वाहतुकीतील मोकाट स्पर्धा काय करते हे या प्रांताने एकदा पाहिले आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी करून १९३५ मध्ये ती प्रसिद्ध केली. एकेका गाडीचे मालक, रस्त्यावर एकमेकांशी झुंज, वेळापत्रकाचा पत्ता नाही, गाडी भरल्याशिवाय सुटावयाची नाही, आणि सुटली की टपावर माणसे, असा तो काळ होता. चांगल्या रस्त्यावर दहा गाड्या आणि वाईट रस्त्यावर एकही नाही, हे त्या स्पर्धेचे फळ. १९३९ चा मोटार वाहन कायदा या पार्श्वभूमीवर आला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ मध्ये विदर्भ-मराठवाड्यासह एकच महामंडळ उभे राहिले. गर्दीच्या मार्गावर मिळालेल्या पैशातून तोट्याच्या मार्गावरची मुक्कामी गाडी चालवावयाची, हे त्यामागील तत्त्व. त्या मुक्कामी गाडीने खेड्यातील मुली शाळेत नेल्या. मी स्वतः अशाच एका गाडीने शिकलो. तेव्हा बाजार सारे काही आपोआप करील असे मी म्हणणार नाही, हे आपण गृहीत धरा.

परंतु एसटीची मक्तेदारी आम्ही ज्या उत्साहाने राखली, त्या उत्साहाने तिची गाडी वेळेवर येते की नाही हे पाहिले नाही. एकाधिकार दिला तो सेवेच्या बदल्यात. सेवा आटत गेली आणि एकाधिकार कागदावर राहिला. कोविडपूर्वी अठरा हजारांच्या वर असलेला गाड्यांचा ताफा नंतर पंधरा-सोळा हजारांवर आला. अशा रिकाम्या झालेल्या जागेत काळी-पिवळी उभी राहिली. ती कोणी आणली नाही, ती गरजेने आली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. विलीनीकरणाची त्यांची मागणी आपण सर्वांनी उचलून धरली होती. त्या काळात शासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये खासगी बस, शाळेच्या बस, इतकेच काय मालवाहू गाड्यांनाही उतारू नेण्याची मुभा दिली. ज्या जीपला एरवी बसस्थानकापासून २०० मीटर दूर उभे राहा म्हणून दंड होतो, तीच जीप साडेपाच महिने राज्याची वाहतूक झाली. संप मिटला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा अवैध!

ही अवैधता कशी घडते तेही पाहिले पाहिजे, कारण अडवणुकीची जी मागणी आपण केली आहे तिचे मूळ तेथे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रवासी वाहतुकीचे दोन भाग केले. टप्प्याटप्प्यावर उतारू घेत जाण्याचा एक परवाना, आणि संपूर्ण गाडी ठरवून नेण्याचा, म्हणजे कंत्राटी वाहतुकीचा, दुसरा. टॅक्सीचा परवाना दुसऱ्या प्रकारात मोडतो. परंतु देऊळघाट ते बुलढाणा संपूर्ण जीप ठरवून कोण जाईल? प्रत्येक जण आपल्या जागेचे पैसे देतो, रस्त्यात हात केला की गाडी थांबते, आणि थांबली की परवान्याचा भंग होतो. दररोज, प्रत्येक फेरीला. ज्या माणसाचा धंदा रोजच बेकायदा ठरतो, त्याच्यापुढे कोणीही हात पसरू शकतो. अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकावयास जागा मिळते. त्यामुळे सीटप्रमाणे भाडे घेऊन चालणाऱ्या जीपला त्या मार्गाचा रीतसर परवाना द्या, ही मागणी आपल्या मसुद्यात असावयास हवी होती. ती नाही. जी खरोखर मागावयाची ती सोडून आपण शेजाऱ्याला हाकलण्याची मागणी केली आहे.

आणि ती मागणी कायद्यातही बसत नाही. कंत्राटी वाहतुकीच्या परवान्यांची संख्या मर्यादित करण्याचा अधिकार त्या कायद्याच्या ७४ व्या कलमात आहे. मात्र तो पाच लाखांहून कमी लोकसंख्या नसलेल्या शहरांपुरता. देऊळघाटला तो लागू होणार नाही. मग साहेबांनी आपले निवेदन स्वीकारून करावयाचे काय? तोंडाने होकार द्यावयाचा आणि स्टँडवर जे चालले आहे त्याकडे पाठ फिरवावयाची. म्हणजे या मागणीचा व्यवहारातील अर्थ एवढाच उरतो की, कायदा जे करू शकत नाही ते दंडुक्याने करू द्या. ज्या पक्षाची हयात दंडुक्याविरुद्ध बोलण्यात गेली त्याने हे मागावे काय?

बरे, बंदी झाली असे धरू. तिचा लाभ कोणाला? प्रत्यक्ष आकडे नव्हेत, समजण्यासाठी हिशेब मांडतो. स्टँडवर २० गाड्या आणि दिवसाच्या ८० फेऱ्या असतील, तर एका गाडीला ४ फेऱ्या. आणखी ५ गाड्या आल्या तर प्रत्येकीला ३.२. हप्ता तेवढाच राहणार. हे दुःख खरे आहे आणि त्यावर मी पुढे बोलणार आहे. आता उलट बाजू पाहा. नंबर बंद केल्या दिवसापासून तो नंबर ही एक मिळकत होते. गाडी जुनी झाली तरी नंबर जुना होत नाही. कोणी थकला, कोणी शहरात गेला, तर तो गाडी विकत नाही, नंबर विकतो; किंवा विकतही नाही, रोजाने देतो आणि घरी बसून संध्याकाळी पैसे मोजतो. आज जो विशीतला मुलगा गाडी पुसतो आहे, त्याला उद्या स्वतःची गाडी लावावयाची झाली तर गाडीच्या कर्जावर नंबराचे कर्ज काढावे लागेल. त्याच्या फेऱ्या वाढणार नाहीत. वाढीव उत्पन्न जुना मालक एकरकमी घेऊन गेलेला असेल, आणि नवा चालक आज इतकाच गरीब, वर कर्जबाजारी राहील. मित्रहो, कुळकायद्याच्या लढ्यात ज्यांच्या आजोबांनी जमीनदारीविरुद्ध भाषणे ऐकली, त्यांनी स्टँडवर नवी जमीनदारी उभी करावी हे मला पाहवत नाही.

ही माझी कल्पना नव्हे. जगात हे घडून गेले आहे. न्यूयॉर्क शहराने १९३७ मध्ये टॅक्सींची संख्या बांधून टाकली आणि प्रत्येक गाडीला एक धातूचा बिल्ला दिला. हेतू चांगला होता; मंदीच्या काळात उपाशी चालक एकमेकांचे गळे कापत होते. पुढे त्या बिल्ल्याची किंमत चढत चढत २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरांवर गेली. बिल्ले घेतले कोणी? हिंदुस्थान, पाकिस्तान, बांगलादेश, हैती येथून गेलेल्या चालकांनी, कर्ज काढून. मग मोबाइलवरील कंपन्या आल्या, त्यांना बिल्ला लागत नव्हता, आणि किंमत कोसळली. २०१८ मध्ये काही चालकांनी आत्महत्या केल्या. अखेर २०२१ मध्ये चालकांच्या संघटनेने १५ दिवसांचे उपोषण केले, तेव्हा नगरपालिका हमीदार झाली आणि कर्जाची रक्कम जास्तीत जास्त १ लाख ७० हजार डॉलरवर आणण्याचे ठरले. संघटनेच्या त्या लढ्याला माझा सलाम आहे. पण लक्षात घ्या, बुडाले ते बंद दाराच्या आत असलेलेच. दार बंद होते म्हणून ते सुरक्षित राहिले नाहीत; दाराचीच किंमत त्यांनी मोजली होती.

या मोबाइल कंपन्यांचा मार्ग तरी आपला मार्ग आहे काय? मुळीच नाही. त्यांनी जी स्पर्धा आणली तिचा अनुभव मुंबईच्या चालकांना विचारा. प्रथम उतारूला स्वस्त भाडे आणि चालकाला बक्षीस, दोन्ही भांडवलदाराच्या खिशातून. त्या बक्षिसाच्या हिशेबावर हजारोंनी कर्जे काढून गाड्या घेतल्या. बाजार हाती आल्यावर बक्षीस आटले. २२ ऑक्टोबर २०१८ पासून मुंबईत ओला-उबरच्या चालकांनी १२ दिवस गाड्या बंद ठेवल्या त्या यासाठीच. भाडे कंपनी ठरवते, गिऱ्हाईक कंपनी ठरवते, काम काढून घेणेही कंपनीच्या हाती. चालक मात्र कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक! ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे सोंग मान्य केले नाही आणि उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क दिले. आपल्याकडे केंद्राने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. गर्दीच्या वेळचे भाडे मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत आणि चालकाला किमान ८० टक्के, असे त्यांत होते. जुलै २०२५ मध्ये दीडपटीचे दुप्पट झाले. म्हणजे पावसात अडकलेल्या माणसाकडून किती घ्यावयाचे याची मर्यादाच तेवढी सरकारने वाढवून दिली.

याच प्रश्नाचे सर्वांत उग्र रूप गोव्यात दिसते. तेथे विमानतळावर उतरलेला प्रवासी टॅक्सीच्या भाड्याने हैराण, आणि टॅक्सीवाला ॲपच्या भीतीने हैराण. २०१८ मध्ये सरकारच्या पर्यटन महामंडळाच्या आश्रयाने 'गोवा माइल्स' आले, तेव्हापासून संघर्ष सुरू आहे. जानेवारी २०२३ मध्ये पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ चालू झाला. विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या पेडणेकरांनी म्हटले, आता निदान टॅक्सी तरी आमच्या असू द्या. हा दावा मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. परंतु त्या विमानतळाचे दार एका खासगी कंपनीच्या ताब्यात आहे. कोणती टॅक्सी आत उभी राहील, कोणाला काउंटर मिळेल, हे ते दार राखणारा सांगणार. मे २०२५ मध्ये ॲप-कंपन्यांसाठी सरकारने मसुदा काढला तेव्हा टॅक्सीवाल्यांनी मोठ्या संख्येने हरकती घेतल्या. वर्षानुवर्षे चालक आणि प्रवासी एकमेकांना शिव्या देतात. दाराच्या मालकाला कोणी काही विचारत नाही.

देऊळघाटच्या स्टँडवरही प्रश्न दाराचाच आहे. दार सर्वांचे असले पाहिजे. ते दहा-वीस गाडीवाल्यांच्या मालकीचे असू नये आणि मुंबई-बंगळूरच्या कंपनीच्याही मालकीचे असू नये. दार सार्वजनिक राहिले, तर आतील स्पर्धेला मी भीत नाही. उलट ती मला हवी आहे. गाडी स्वच्छ कोणाची, वेळेवर कोण येतो, रात्री हाक मारल्यावर कोण उठतो, म्हातारीला हात देऊन कोण चढवतो, यांत होऊ द्या की स्पर्धा! भाडे पाडण्यात, सात माणसांच्या जागी चौदा कोंबण्यात, सोळा-सोळा तास जागून चालविण्यात ती नको.

(श्रोत्यांतून: आणि अर्ध्या तिकिटाच्या एसटीशी आम्ही कसे लढायचे?)

बरोबर विचारलेत. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. त्यामुळे स्टँडवरची निम्मी सवारी बसची वाट पाहत उभी राहते, ही तक्रार मी सगळीकडे ऐकतो. त्या सवलतीची भरपाई शासन महामंडळाला देते, तुम्हाला नाही, हेही खरे. परंतु ती सवलत रद्द करा असे आपण म्हणणार काय? मजुरीला जाणाऱ्या बाईचे वाचलेले पैसे आपल्याला खुपावेत काय? माझ्या मते बसच्या आधी दहा मिनिटे निघून तिची सवारी पळविण्यात जीपचे भवितव्य नाही. बस जेथे आणि जेव्हा नाही, तेथे आणि तेव्हा जीप असावी. दुपारी दोन-दोन तास बस नसते, रात्री नसते, बाजूच्या वस्त्यांना ती जातच नाही. आगाराच्या व्यवस्थापकांसमोर बसून दोन्ही वेळापत्रके एका कागदावर मांडावयाची, हे काम पक्षाच्या कार्यकर्त्याचे आहे. ते कंटाळवाणे आहे, त्यात घोषणा देता येत नाहीत, म्हणून ते अद्याप कोणी केलेले नाही. माझ्यासकट.

नवीन गाड्या आल्या तर फेऱ्या घटतात, त्याकडे आता वळतो. उतारू तिकिटाचे पैसे देतो तसा वाट पाहण्याचा वेळही देतो. गाडी भरेपर्यंत पाऊण तास बसावे लागते म्हणून किती तरी माणसे मोटारसायकलवर तिघे बसून जातात. ठरलेल्या वेळी, भरो न भरो, गाडी सुटली तर यांतील काही परत येतील. सारी तूट त्यातून भरणार नाही हे मी कबूल करतो. म्हणून माझी सूचना अशी की, संख्येवर बंदी घालू नका, मालकीवर मर्यादा घाला. १९६१ च्या कायद्याने शेतजमिनीला कमाल मर्यादा घातली, स्टँडलाही घाला. एका कुटुंबाचा एकच नंबर, आणि तो स्वतः चालविणाऱ्याचा. नंबर विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही. ज्याने धंदा सोडला त्याचा नंबर पंचायतीकडे परत. चार-चार गाड्या लावून पोरांना रोजावर ठेवणारा मालक एवढ्याने बाहेर गेला तर चालकासाठी आपोआप जागा होईल. स्टँडवर खरी दाटी त्याच्याच गाड्यांची असते, आणि बाहेरच्या गाडीविरुद्ध सर्वांत मोठा आवाजही त्याचाच असतो, असे माझे निरीक्षण आहे. ते चूक असल्यास सांगा.

गाडी स्वतःची व्हावयाची तर पैसा हवा. येथे आपल्या चळवळीतील एक गोष्ट आठवते. जॉर्ज फर्नांडिस मुंबईत टॅक्सीचालकांची युनियन बांधत होते तेव्हा मोठ्या बँका चालकाला दारात उभे करीत नसत. म्हणून १९६८ मध्ये त्यांनी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन केली. चालकाने सावकाराच्या आणि मालकाच्या तावडीतून सुटून स्वतःची टॅक्सी घ्यावी, हा त्यामागील विचार. केवढी मोठी कल्पना! आणि पुढचे सांगितले नाही तर मी अर्धसत्य बोललो असे होईल. तीच बँक पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला, रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर निर्बंध घातले, संचालक मंडळ बरखास्त झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. आपल्या हाताने लावलेल्या झाडाची ही गत. सहकार हा शब्द उच्चारताना हिशेबाची वही कोण तपासणार हेही त्याच दमात ठरवावे लागते.

तरीही मार्ग तोच आहे. केरळ सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतःचे टॅक्सी-ॲप काढले आणि सेवाशुल्क ८ टक्क्यांवर ठेवले. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय सहकारमंत्र्यांनी लोकसभेत सहकारी टॅक्सीची घोषणा केली, त्यातून 'भारत टॅक्सी' निघाली. घोषणा विरोधी पक्षाची म्हणून मी तिला नाक मुरडणार नाही. चालकाचे त्यात खरोखर किती चालते ते मात्र पाहत राहीन. देऊळघाटला ॲपचीही गरज नाही. एक फलक, एक फोन आणि पाळीची वही पुरे. चिकलठाणा विमानतळ, मलकापूर स्टेशन, बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय, या ठिकाणांची दिवसाची आणि रात्रीची भाडी अधिकाऱ्यांसमोर ठरवून फलकावर लिहावयाची. रात्री दोन गाड्यांची पाळी, आणि पाळी लागलेल्याने उठावयाचेच. १०८ ची रुग्णवाहिका पोहोचण्याआधी कित्येकदा जीपच माणूस वाचवते, हे आपण सारे जाणतो. त्याची नोंद मात्र कोठे नाही.

डॉ. बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी गेले. पुण्यात त्यांनी हमाल पंचायत उभी केली, रिक्षा पंचायत उभी केली. हमालांच्या त्या संघटनेने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली ती हमालांपुरती ठेवली नाही. रस्त्यावरच्या कोणाही कष्टकऱ्याला तेथे स्वस्तात जेवता आले. हमालीचे दर मागताना त्या संघटनेला शहराची सहानुभूती मिळाली, त्यात त्या भाकरीचा वाटा होता असे मला नेहमी वाटत आले आहे. स्टँडवरच्या आपल्या संघटनेची तशी भाकर कोणती, हे मी मघापासून शोधतो आहे. कदाचित ती रात्रीची पाळीच असेल.

पहिल्या मागणीच्या जागी घालावयाचा मजकूर मी लिहून आणला आहे. स्टँडची जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असावी. परवाना, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र असलेल्या, स्वतः चालविणाऱ्या कोणाही मालकास तेथे पाळी मिळावी. नंबराची विक्री व भाडेपट्टी बंद व्हावी. विमानतळ, स्टेशन व रुग्णालय यांचे दर फलकावर लागावेत आणि उतारूने स्वतः ठरविलेल्या गाडीला गावात येण्यास कोणी अडवू नये. सीटप्रमाणे चालणाऱ्या जीपला या मार्गाचा रीतसर परवाना मिळावा. आणि एसटीच्या आगाराबरोबर दर सहा महिन्यांनी वेळापत्रकाची बैठक व्हावी, तीत दोन जागा उतारूंच्या असाव्यात, त्यांपैकी एक बाईची. वहीची तपासणी दर महिन्याला ग्रामसभेने नेमलेल्या दोघांनी करावी हे शेवटी हाताने लिहिले आहे, कारण बँकेची हकीकत मला येथे येताना वाटेत आठवली.

कागद अध्यक्षांकडे देतो. माझ्या त्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने यास उत्तर देण्याची परवानगी मागितली आहे असे मला कळले. तो गाडी लावून आला आहे आणि त्याचा नंबर साडेपाचला लागतो, तेव्हा त्याला आधी बोलू द्यावे.